जीव, वारं आणि रमाबाईंची इब्री

धरणगावात कवितेची गोष्ट निघाली की ती बालकवींपाशी येऊनच थांबते. त्र्यंबक बापूजी ठोमरे 13 ऑगस्ट 1890 ला या गावात जन्मले. 1907 साली जळगावात कविसंमेलन भरलं, तिथे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी नेलं आणि मुलासारखं वागवलं. 5 मे 1918 ला भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली तो गेला, तेव्हा अठ्ठावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. हे सगळं आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

मी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पहिल्यांदा हातात घेतलं ते केवळ बालकवींसाठी. लक्ष्मीबाईंच्या घरात आपल्या गावचा मुलगा कसा राहत होता, एवढंच बघायचं होतं. पुस्तक संपलं आणि मनात भलताच प्रश्न राहिला. त्या घरात अभंग होते, ओव्या होत्या आणि टेबलावर मराठी बायबल होतं. ते मराठी कुठून आलं? टिळकांनी अभंगाच्या वाटेने येशूला मराठीत आणलं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण बायबलाचा मोठा भाग, ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात, तो मुळात ज्यू लोकांचा ग्रंथ. तो इब्रीत, म्हणजे आपण आता हिब्रू म्हणतो त्या भाषेत आहे. काही थोडा भाग अरामी भाषेत. मराठी माणसांपैकी इंग्रजीचा पूल न वापरता थेट त्या इब्रीपर्यंत कोण पोचलं?

शोधत गेलो तेव्हा दोन नावं सापडली आणि ती मनातून जाईनात. एक मुंबईचे जोसेफ इझिकेल राजपुरकर. दुसरं नाव आपण वेगळ्याच कामासाठी ओळखतो, पंडिता रमाबाई. रमाबाईंची चरित्रं शारदा सदनापाशी रेंगाळतात, केडगावच्या मुक्ती सदनापाशी थांबतात. त्यांच्या आयुष्याची शेवटची पंधरा-सोळा वर्षं एका विद्वानाची वर्षं होती, हे दोन ओळींत उरकलं जातं. माझ्या मते ती दोन ओळींची गोष्ट नाही.

आधी राजपुरकरांकडे जाऊ, कारण इब्रीला मराठीत घर त्यांच्या समाजाने दिलं. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळत. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांचा हा वंश, अशी त्यांची परंपरा. पोथ्या समुद्रात गेल्या, भाषा विसरली. उरलं काय? शनिवार, सुंता, पर आणि खवले असलेलेच मासे खायचे हा नियम, आणि 'शेमा' ही प्रार्थना. शेमा म्हणजे 'ऐक'. जन्माला, लग्नाला, मरणाला, प्रत्येक प्रसंगी तीच म्हणायची, कारण दुसरी येत नव्हती.

सणांची इब्री नावंही गेली होती. पण सण गेले नव्हते, त्यांनी मराठी नावं घेतली. वर्षारंभाचा 'नव्याचा सण'. दारं लावून दिवसभर उपास करायचा तो 'दारफाळणीचा सण'. 'खिरीचा सण'. आणि यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा जो उपास, त्याचं नाव 'बिरड्याचा सण', कारण त्या दिवशी सोललेल्या वालाचं बिरडं करायचं. हे नाव मी वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे गेलो नाही. हजारो मैलांवरचं एक मंदिर, त्याचं नाव जिभेवरून निसटलेलं, आणि त्याची आठवण कोकणातल्या कुठल्याशा चुलीवर वालाच्या वाटीत जपलेली.

मग हळूहळू ग्रंथ परत आला. 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. कोचीनहून शिक्षक आले. 1829 साली मुंबईत उतरलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये बेने इस्राएलांसाठी इब्रीचं व्याकरण छापलं, तेही मराठीत. मिशनऱ्यांना या लोकांचं धर्मांतर हवं होतं आणि ते जवळजवळ झालंच नाही. समाजाने व्याकरण घेतलं, शाळा घेतली आणि आपला धर्म अधिक घट्ट धरला. इब्री शिकायची तर इंग्रजीतून, असं त्या काळी कुणी धरून चाललं नव्हतं. मराठी येते ना, मग तिच्यातूनच शिका. एवढी साधी गोष्ट आज आपल्याला नवलाची वाटते.

त्याच मिशनच्या शाळेत 1834 साली जन्मलेला जोसेफ शिकला. पुढे डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेत तो शिक्षक झाला, 1861 पासून हेडमास्तर, आणि त्या खुर्चीत सुमारे चाळीस वर्षं बसला. 1871 मध्ये मुंबई विद्यापीठाने राजपुरकरांना इब्रीचे परीक्षक नेमलं, 1879 मध्ये फेलो केलं. मुरुड-जंजिऱ्याच्या शेजारच्या राजपुरीवरून आडनाव लावणारा हा माणूस दिवसा मुलं शिकवायचा आणि उरलेल्या वेळात प्रार्थना मराठीत आणायचा. समाजाची बहुतेक सगळी उपासना त्यांनी मराठीत उतरवली. 1905 मध्ये ते गेले, तोवर मराठी घरातल्या ज्यू माणसाला आपण देवाशी काय बोलतो ते कळू लागलं होतं.

त्या काळातलं एक पुस्तक डोळ्यांसमोरून हलत नाही. 1874 साली पुण्यात, विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या शिळाछापावर एक 'हगादा' छापली गेली. वल्हांडणाच्या रात्री घरातल्या सगळ्यांनी बसून वाचायची ती पोथी, मिसर देशातून सुटका कशी झाली त्याची. इब्री मजकूर आणि सोबत मराठी. तिच्यात चित्रं आहेत. बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका चित्रात दिसतात, आणि त्या लुगडी नेसल्या आहेत. मोशेच्या काळातली गोष्ट, चित्रातली बाई मात्र पुण्या-मुंबईच्या कुठल्याही स्वयंपाकघरातली. छापखाना एका अग्निहोत्र्यांचा, पोथी ज्यूंची, लुगडं सगळ्यांचं. त्यानंतर 1880 मध्ये समाजाने कीर्तनंही सुरू केली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्यासारख्या रचनाकारांनी अब्राहामाची आख्यानं साकी-दिंडीत बांधली आणि लोक ती टाळ-पेटीवर ऐकू लागले. हायम सॅम्युएल केहिमकरांनी समाजाचा इतिहास 1897 च्या सुमारास लिहून पुरा केला, तो छापला गेला चाळीस वर्षांनी, 1937 मध्ये, तेल अवीवला. केहिमकर 1909 सालीच गेले होते.

आता रमाबाई.

त्यांचं शास्त्र कानाने सुरू झालं. 1858 साली जन्म, गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून धर्मसभेत जाब दिलेला. रानातल्या आश्रमात दिवसभर येणंजाणं, विद्यार्थी, पाहुणे, म्हणून आई, त्यांचंही नाव लक्ष्मीबाई, मुलीला पहाटे उठवायच्या. अंधारात, झोपाळू मुलीला जवळ घेऊन, पुस्तकाशिवाय. आई म्हणणार, मुलगी मागून म्हणणार. भागवताचे अठरा हजार श्लोक असे कानातून आत गेले. पुढे दुष्काळात आई, वडील, मोठी बहीण सगळी गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास पुराणं सांगत देशभर पायी फिरले. 1878 मध्ये कलकत्त्याला पोचल्यावर तिथल्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तेव्हा वय होतं वीस.

पुढचं आपण वाचलेलं असतं. बिपिनबिहारी दासांशी लग्न, दीड-दोन वर्षांत वैधव्य, पुण्यात आर्य महिला समाज, मग 1883 मध्ये लेक मनोरमेला घेऊन इंग्लंड. त्या गेल्या होत्या वैद्यक शिकायला. ते जमलं नाही, कारण ऐकू कमी येऊ लागलं होतं. लहानपणी ज्या कानांनी सगळं शास्त्र घेतलं तेच कान पंचविशीत मिटायला लागले. रमाबाईंच्या चरित्रात या बहिरेपणाची नोंद एका वाक्यात येते. मला मात्र त्यांच्या पुढच्या सगळ्या विद्येची किल्ली तिथे दिसते. ज्याला ऐकू कमी येतं तो दुसऱ्याने सांगितलेल्यावर विसंबून राहू शकत नाही. तो मजकूर स्वतः समोर मागतो.

त्यांनी तो मागितलाही. 29 सप्टेंबर 1883 ला वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण चर्चच्या शिकवणुकीतलं सगळं निमूट स्वीकारलं नाही. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या शिक्षिका डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार म्हणजे एका शास्त्रिणीने मांडलेला वाद आहे. हे शास्त्रात कुठे आहे ते दाखवा, त्याचा अर्थ मी लावीन, हा त्यांचा आग्रह. समोरच्या भल्या बायकांना तो हट्ट वाटला. ज्या मुलीच्या बापाने धर्मसभेत उभं राहून शास्त्राच्या आधारावर बायकोला शिकवायचा हक्क मिळवला, तिला दुसरं वागता आलं नसतं.

1889 मध्ये मुंबईत शारदा सदन. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या आणि 1900 साली गुजरातेतल्या अनाथ मुली, विधवा केडगावला आल्या. माळावर मुक्ती सदन उभं राहिलं आणि माणसांची संख्या दीड-दोन हजारांवर गेली. विहिरी, शेती, माग, घाणा, शाळा, छापखाना. एवढा प्रपंच अंगावर असताना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, पंचेचाळिशी उलटून गेल्यावर, या बाई इब्री आणि ग्रीक घेऊन बसल्या. संपूर्ण बायबल मुळातून मराठीत आणायचं.

मराठी बायबल तेव्हा नव्हतं असं नाही. विल्यम केरींनी सेरामपूरला मराठी भाषांतर छापायला सुरुवात करून शंभर वर्षं होत आली होती. मुंबईच्या अमेरिकन मिशनने आणि पुढे बायबल सोसायटीने त्यावर काम केलं होतं, बाबा पदमनजींसारखा मराठीचा जाणकार त्यात होता. रमाबाईंची तक्रार शब्दांबद्दल होती. जुन्या भाषांतरांतले कितीतरी शब्द वेदान्तातून, पुराणांतून आलेले. सामान्य वाचकाला ते जड, आणि शास्त्र जाणणाऱ्याला ते भलत्याच गावाला नेणारे. हे इतक्या बारकाईने दुसऱ्या कुणाला दिसणार होतं? तो शब्द कुठून आला, त्याच्या मागे कोणतं दर्शन उभं आहे, हे त्यांना वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षापासून पाठ होतं.

इथे थोडं थांबून इब्रीकडेच पाहू. बावीस अक्षरं, सगळी व्यंजनं, लेखन उजवीकडून डावीकडे. स्वर दाखवायला अक्षरांच्या खाली-वर ठिपके आणि रेघा, तेही मागाहून आलेले. इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकात, मुख्यतः तिबिरियाच्या पंडितांनी, पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेला उच्चार जपण्यासाठी ते बसवले. त्याआधी नुसती व्यंजनं, आणि वाचणाऱ्याच्या स्मरणावर भरवसा. ज्याने मोडीतलं जुनं कागदपत्र वाचलं आहे, शब्द न तोडता पळत गेलेली ओळ अंदाजाने लावली आहे, त्याला ही अडचण थोडीफार कळेल. शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभा राहतो. धातूला साचे लागतात, त्यांतून क्रियापदं, नामं फुटतात. पाणिनीच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला धातू म्हणजे काय ते समजवावं लागत नाही. युरोपातला विद्यार्थी गेझेनियसच्या इब्री व्याकरणाशी झुंजताना ज्या कल्पनेपाशी अडतो, ती रमाबाईंना आईच्या मांडीवरच मिळाली होती. असं मला वाटतं.

आता एकच शब्द घेऊ. नेफेश. न, फ, श, ही तीन व्यंजनं. मूळ अर्थ गळा, घसा. मग श्वास, भूक, तहान, जगण्याची ओढ, आणि शेवटी तो जिवंत माणूस स्वतः. नेफेश भुकेलेला असतो, कोरडा पडतो, कासावीस होतो, मरतोसुद्धा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ज्यूंनी, इब्री विसरत चाललेल्या आपल्याच लोकांसाठी, मोशेचे ग्रंथ ग्रीकमध्ये आणले. बाकीचे ग्रंथ नंतर आले. तिथे नेफेशसाठी बहुतेक ठिकाणी 'प्सुखे' हा ग्रीक शब्द बसला आणि त्याच्यासोबत ग्रीक तत्त्वज्ञांचा, देहापासून वेगळा, न मरणारा कोणीतरी आत शिरला. पुढच्या भाषांतरांनी तीच वाट धरली. मराठीत त्या ठिकाणी 'आत्मा' लिहिला की उपनिषदं दारात उभी. जो मरत नाही, भिजत नाही, सुकत नाही, तो. आणि मूळ इब्रीतला बिचारा तर तहानेने मरायला टेकलेला.

मराठीकडे मात्र एक शब्द असा आहे की तो नेफेशच्या मापाने शिवल्यासारखा बसतो. जीव. जीव कासावीस होतो, जिवावर बेततं, जीव घशाशी येतो, जीव तळमळतो, जीव लागतो, जीव जातो. गळ्यापासून माणसापर्यंतचा सगळा प्रवास त्यात आहे. कुठल्याही वेदान्त्याला न विचारता शेतातली बाई तो शब्द दिवसातून वीस वेळा वापरते.

दुसरा शब्द रुआख. वारा, श्वास, आणि देवाकडून येणारी ती शक्ती जी संदेष्ट्याला धरते, बोलायला लावते. इंग्रजीला इथे तीन शब्द लागतात आणि भाषांतरकाराला प्रत्येक वेळी एक निवडून बाकीचे दोन सोडावे लागतात. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसते. रात्री गाणी चालू असताना एखादी बाई घुमू लागते, आणि भोवतालच्या बायका हलक्या आवाजात म्हणतात, हिच्या अंगात वारं आलं. तोच वारा जो झाडात असतो. वारा आणि देवाचा संचार एकाच शब्दात ठेवणारी भाषा माझ्या घरात बोलली जाते, हे मला इब्रीतला एक शब्द समजून घेताना कळलं. पोथीतल्या मराठीने ती सोय गमावली आणि बोलीने राखली.

मूळ ग्रंथ बोली जवळ असलेल्या माणसांचा होता. मेंढपाळ, शेतकरी, विहिरीवर भांडणारी, धान्य मळणारी माणसं. दुष्काळ पडला म्हणून परमुलखात जाणारं कुटुंब त्यात पुन्हा पुन्हा येतं. रूथची सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते, दुष्काळ, परागंदा घर, तीन विधवा. केडगावच्या माळावर बसून तो मजकूर वाचणाऱ्या बाईचे आईवडील दुष्काळात उपाशी मेले होते, आणि खिडकीबाहेर दुष्काळातून आलेल्या विधवा जेवायला बसत होत्या. कुठल्या विद्यापीठात बसलेल्या इब्रीच्या पंडिताला हा शेजार मिळाला असेल?

रमाबाईंना साधी मराठी हवी होती ती याच बायकांसाठी. ज्यांना अक्षरओळख कालपरवा झाली त्यांनी वाचायचं आणि त्यांना कळायचं. संस्कृतात सभा जिंकलेली पंडिता एकेक संस्कृत शब्द बाजूला काढत होती. भाषा बेताची येणाऱ्याला साधं लिहिणं सोपं जातं. जिच्या जिभेवर अठरा हजार श्लोक आहेत तिला त्यासाठी रोज स्वतःला आवरावं लागलं असेल.

त्यांच्या काळी इब्री शास्त्राचं सर्वांत जुनं संपूर्ण हस्तलिखित इसवी सन हजारच्या आसपासचं होतं. 1947 मध्ये मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहेत गुराख्यांना गुंडाळ्या सापडल्या आणि मजकुराचा पुरावा एकदम हजार वर्षं मागे गेला. यशायाची एक अख्खी गुंडाळी त्यात होती. आज जगभर आरंभीच्या ज्यू धर्माचा अभ्यास करणारी माणसं त्या तुकड्यांवर सबंध आयुष्य घालवतात, त्यांना विभाग आहेत, ग्रंथालयं आहेत, सहकारी आहेत. रमाबाईंपाशी कोश होते, व्याकरणं होती आणि घड्याळातून उरलेला वेळ होता.

छपाई मुक्तीतच झाली, मुक्तीतल्याच बायकांच्या हातांनी. देवनागरीची जुळणी ज्याने पाहिली आहे त्याला तो पसारा आठवेल. रोमन लिपीच्या कितीतरी पट खिळे. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या, प्रत्येकाचा वेगळा कप्पा. जुळारी उभ्याने काम करतो, ओळ आरशात पाहिल्यासारखी उलटी वाचतो. गुजरातेतून, मध्य प्रांतातून आलेल्या या मुलींपैकी कित्येकींची मराठी ही मातृभाषाही नव्हती. त्या मराठी शिकल्या, मग ती उलटी वाचायला शिकल्या, आणि इब्रीतून आलेलं उत्पत्तीपासूनचं सगळं पुस्तक त्यांनी खिळ्या-खिळ्याने उभं केलं.

1921 च्या जुलैत मनोरमा गेल्या. आईचा उजवा हात, संस्थेची पुढची धनी. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, थकलेल्या, कान जवळपास बंद. मुद्रितं तपासायची राहिली होती. त्या बसून राहिल्या. ते काम हातावेगळं होण्यापुरते दिवस मिळावेत अशी त्यांनी प्रार्थना केली, असं मुक्तीत सांगत आले आहेत. काम संपलं आणि 5 एप्रिल 1922 ला त्या झोपेतच गेल्या.

1924 साली मराठीत दोन संपूर्ण बायबलं निघाली. एक बायबल सोसायटीचं सुधारलेलं, समितीने केलेलं. पुढे चर्चमध्ये तेच वाचलं गेलं. दुसरं केडगावचं.

त्याचे शेवटचे फर्मे यंत्रावर चढले तेव्हा दुरुस्ती विचारायला बाई नव्हत्या. त्यांच्या हाताच्या खुणा असलेली मुद्रितं समोर लावून बायका ओळी जुळवत होत्या.